प्रसाधनाच्या डबीतील कीटक : मेण, किरमिजी आणि लाख

क्रीम, ओठांचे मलम किंवा काजळ यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली घटकसूची कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेने वाचली, तर तिच्यात दोन-तीन ओळखीची मंडळी हमखास भेटतात. ‘सेरा आल्बा’ म्हणजे मधमाशीचे शुभ्र केलेले मेण. ‘शेलॅक’ म्हणजे लाखेच्या किड्याने पळसाच्या किंवा कुसुमाच्या फांदीवर स्रवलेली राळ. ‘सी. आय. ७५४७०’ हा तर एखाद्या यंत्राच्या सुट्या भागाचा क्रमांक वाटावा. प्रत्यक्षात तो निवडुंगावर जगणाऱ्या एका खवले किडीच्या मादीपासून मिळणारा लाल रंग आहे. पिकांवरील किडींविषयी आपण या वार्तापत्रातून नेहमीच वाचतो. आपल्या त्वचेवर येऊन बसलेल्या कीटकजन्य पदार्थांची ओळख मात्र सहसा करून दिली जात नाही, आणि या पदार्थांचे उत्पादक शेतकरी, मधपाळ व वनवासी असल्यामुळे ती ओळख केवळ ग्राहकाच्या सोयीची नाही.

सूची वाचताना

भारतात प्रसाधनांच्या घटकांची नोंद सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार होते. एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने, असा हा नियम आहे. त्यामुळे सूचीचा पहिला तिसरा भाग हाच त्या पदार्थाचा खरा देह असतो. बहुतेक क्रीममध्ये तेथे पाणी, ग्लिसरीन, एखादे तेल किंवा मेदाम्ल आणि पाणी व तेल यांना एकत्र धरून ठेवणारे पायसीकारक आढळतात. ग्लिसरीन त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवते. तेल व मेण ते उडून जाऊ देत नाहीत. मृदू त्वचेचे बहुतांश श्रेय या दोन साध्या कामांना आहे, वेष्टनावर ज्याचे चित्र आहे त्या फुलाला नव्हे.

चित्रातील मध किंवा केशर खरोखर किती आहे, हे ताडण्याची एक सोपी खूण आहे. ‘फिनॉक्सीइथेनॉल’ हे परिरक्षक बहुतेक सूचींत असते आणि त्याची मर्यादा एक टक्का आहे. त्याच्या मागे जे जे लिहिलेले असेल, ते एक टक्का किंवा त्याहून कमी आहे असे समजावे. ‘मधयुक्त’ म्हणून मिरवणाऱ्या क्रीममधील मध पुष्कळदा तेथेच, रांगेच्या शेपटाशी, उभा असतो.

या नियमाला एक सवलत आहे आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव व ३० ग्रॅमपेक्षा कमी घन किंवा अर्धघन पदार्थ असलेल्या वेष्टनांवर घटकसूची देणे बंधनकारक नाही. ओठांची लाली तीन-चार ग्रॅमची असते, काजळाची डबी त्याहूनही लहान. म्हणजे मेण, राळ आणि कीटकजन्य रंग ज्या वस्तूंत सर्वाधिक आढळतात, त्याच वस्तू नेमक्या सूचीविना विकता येतात. गेल्या संक्रांतीला मानेसरमधील मराठी कुटुंबांच्या हळदीकुंकवात एका मैत्रिणीने पर्समधील लाली पुढे करून विचारले, “ताई, यात किडे असतात म्हणे; खरं का?” कांडी उलटसुलट करून पाहिली. तीवर किंमत, तारीख आणि छटेचे एक गोड नाव, एवढेच छापलेले होते. अशा वेळी उत्तर देण्यासारखे काही उरत नाही. अनेक उत्पादक स्वेच्छेने संपूर्ण सूची देतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु शाकाहारी ग्राहकाचा किंवा वावड्याने त्रस्त रुग्णाचा प्रश्न उत्पादकाच्या सौजन्यावर सोडण्याजोगा नाही, असे माझे मत आहे.

मेण

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे, अरवलीच्या पायथ्याला अजून उरलेल्या शेतांत, डिसेंबर-जानेवारीत मोहरी फुलते. हरियानातील फिरते मधपाळ मेलिफेरा माशीच्या पेट्या घेऊन याच फुलोऱ्याच्या मागे हिंडत असतात. ही माशी मूळची येथली नव्हे. भारतात ती १९६२ मध्ये हिमाचलातील नगरोटा बगवाँ येथे प्रथम यशस्वीपणे स्थिरावली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वरच्या डोंगरांत मात्र आजही सातेरी माशीचाच संसार आहे, आणि त्या तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते.

कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. साधारण बारा ते अठरा दिवसांच्या वयात त्या सर्वाधिक कार्यक्षम असतात आणि तेथून पापुद्र्यासारखे पातळ मेण बाहेर पडते. ते चावून, मळून माशी पोळे बांधते. एक किलो मेणासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. चौकटीच्या पेटीत मध यंत्राने काढून पोळे माश्यांना परत देतात. त्यामुळे मेण थोडेच हाती येते आणि ते मुख्यतः मधकोठ्यांवरील झाकणांचे असते. जंगलातील आग्या माशीचे पोळे पिळून मध काढला, की मेण भरपूर मिळते. पण त्यात अंडी व अळ्यांचा चुराडा होतो. बाजारात दोन्ही मेणांचे नाव एकच असते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती दोन्ही एक नाहीत, आणि हा भेद मधपाळांइतकाच लघुउद्योजकांनाही ठाऊक असायला हवा. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून जे मलम केले, ते आजच्या ‘कोल्ड क्रीम’चे पूर्वज मानले जाते. पुढे त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आला. मेणातील मुक्त मेदाम्लाशी टाकणखाराचा संयोग होऊन तेथल्या तेथे साबण तयार होतो आणि तोच पाणी व तेल यांना जोडून ठेवतो. पाश्चात्त्य पुस्तकांतील प्रमाणे मेलिफेराच्या मेणासाठी लिहिलेली आहेत. त्या मेणाचे आम्लमूल्य १७ ते २४ असते. आग्या व सातेरीच्या मेणाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा पुस्तकातील प्रमाणानेच टाकणखार घातला, तर त्याला संयोगासाठी आम्ल अपुरे पडते. मग क्रीम फुटते किंवा उरलेल्या खाराची कणी हाताला लागते. बचत गटांच्या मलमात असा दोष दिसला, की ‘मेण भेसळीचे असावे’ असा तर्क लगेच होतो. पॅराफिनची भेसळ सर्रास होते हे खरे. परंतु कधी कधी मेण अस्सल, पण देशी असते, एवढेच.

मेणाची दुसरी अडचण आम्हा कीटकशास्त्रज्ञांच्या घरची आहे. वरोआ कोळीच्या नियंत्रणासाठी पेटीत फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या टांगतात. हे औषध मेदात विरघळणारे असल्यामुळे मधात थोडे आणि मेणात पुष्कळ उतरते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका विस्तृत सर्वेक्षणात मेणाच्या ९८ टक्के नमुन्यांत फ्लुव्हॅलिनेट व कूमाफॉस यांचे अंश आढळले होते. मेण वितळवून पुन्हा पायापत्रे केली, की तेच अंश पुढच्या पिढीच्या पोळ्यात जातात. म्हणून प्रसाधनासाठी मेण विकू इच्छिणाऱ्या मधपाळाने झाकणांचे नवे, फिकट मेण वेगळे साठवावे. पिलाव्याच्या जुन्या काळ्या पोळ्यांचे मेण त्यात मिसळू नये. वितळवताना थेट आच न देता गरम पाण्याचा वापर करावा. लोखंडी किंवा तांब्याचे भांडे टाळावे, कारण त्याने मेणाचा रंग बिघडतो. स्टीलचे भांडे चांगले. मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे उकळी फुटेपर्यंत तापवण्याचे काही कारण नाही.

मराठी स्त्रीच्या प्रसाधनात मेणाला जुने आणि मानाचे स्थान होते. कपाळावर आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका, मग त्यावर कुंकू. जुन्या करंड्यांत मेणासाठी वेगळा कप्पाच असे. मेण कुंकवाला धरून ठेवी आणि रंग व त्वचा यांमध्ये एक थरही राही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जागा चिकट टिकलीने घेतली. टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल या रसायनामुळे कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो, असे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० मध्ये नोंदवले. हे रसायन त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींनाच मारते. त्यामुळे डाग पुष्कळदा टिकली सोडल्यावरही राहतो. टिकलीच्या पाकिटावर डिंकाचे घटक कोणी वाचले आहेत काय? ज्यांना खाज किंवा फिकटपणा जाणवतो, त्यांनी टिकली तत्काळ थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मेण-कुंकवाकडे परतणे हाही एक उपाय आहे. मात्र कुंकू हळदीचे हवे.

किरमिजी

‘किरमिजी’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्याच्या पोटात कीटक आहे. अरबी-फारसीतील ‘किर्मिझ’ हे ओक वृक्षावरील एका खवले किडीचे आणि तिच्यापासून निघणाऱ्या रंगाचे नाव. फारसी ‘किर्म’ आणि संस्कृत ‘कृमी’ हे सख्खे भाऊ. इंग्रजीतील ‘क्रिम्झन’ व ‘कार्माइन’ही याच घराण्यातील. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना मेक्सिकोत निवडुंगावर याहून कितीतरी गडद रंग देणारा कीटक सापडला. तो ‘कोचिनील’, शास्त्रीय नाव डॅक्टिलोपियस कॉकस. आज त्याचे सर्वाधिक उत्पादन पेरूमध्ये होते. पंख नसलेली मादी पांढऱ्या मेणचट भुकटीखाली निवडुंगाच्या पानाला चिकटून रस शोषते. तिच्या शुष्क वजनाचा सुमारे पाचवा भाग कार्मिनिक आम्ल असतो. मुंग्यांना दूर ठेवण्यासाठी तिने केलेली ही तजवीज आहे. गंमत अशी, की हा कीटक खाणारी एक अळी तेच आम्ल पोटात साठवते आणि मुंग्या अंगावर आल्या, की ते त्यांच्यावर ओकते. वाळलेल्या एका पौंडात साधारण ७०,००० माद्या भरतात. त्या उन्हात, वाफेने किंवा भट्टीत मारूनच वाळवतात. येथे मेणासारखी ‘न मारता’ अशी पळवाट नाही.

या रंगाच्या लोभाने ईस्ट इंडिया कंपनीने भारतात जो उद्योग केला, तो प्रत्येक कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. मद्रासमध्ये कंपनीचे वैद्य जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस निवडुंगाची बाग लावली आणि कोचिनील मिळवण्यासाठी पत्रव्यवहाराचा सपाटा लावला. १७९५ मध्ये ब्राझीलहून कीटक भारतात पोहोचलेही. पण तो कॉकस नव्हता. ती सिलोनिकस ही त्याची गरीब चुलत जात होती. रंग हलका, उतारा थोडा. व्यापार बुडाला. कीटक मात्र निवडुंगाच्या एका परदेशी जातीवर असा तुटून पडला, की उपद्रवी ठरलेले ते निवडुंग भराभर नाहीसे होऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात तो मुद्दाम दक्षिण भारतात नेला गेला आणि पुढे श्रीलंकेत. तणाच्या जैविक नियंत्रणाचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. फड्या निवडुंगाची दुसरी जात या कीटकाला दाद देईना. तिच्यासाठी १९२६ मध्ये ओपन्शिई ही तिसरी जात दक्षिण भारतात आणली गेली, आणि तिने काही वर्षांतच मोठाली क्षेत्रे मोकळी केली. ओठ रंगवायला मागवलेला कीटक शेते साफ करून गेला.

कार्माइनचा रंग उन्हात व उष्णतेत टिकतो, म्हणून ओठांची लाली, गालांची लाली आणि डोळ्यांच्या छटा यांत त्याला आजही मागणी आहे. तो शुद्ध रसायन मात्र नसतो. कीटकाच्या प्रथिनांचे अंश त्यात राहतात आणि काही व्यक्तींना त्यांपासून तीव्र वावडे येते. दमा उसळल्याच्या व क्वचित प्राणावर बेतल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. त्यामुळेच अमेरिकेत जानेवारी २०११ पासून अन्न व प्रसाधनांच्या वेष्टनावर ‘कार्माइन’ किंवा ‘कोचिनील अर्क’ हे नाव स्पष्ट लिहिणे सक्तीचे झाले. ज्यांना तो नको असेल, त्यांनी लोहाच्या ऑक्साइडचे रंग पाहावेत. लाल छटेसाठी त्यांचा क्रमांक ७७४९१ असतो.

येथे ‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. कार्माइन नैसर्गिक आहे, प्रोपोलिस नैसर्गिक आहे, आणि दोन्ही वावडे आणू शकतात. प्रोपोलिसने हातांना चट्टे उठलेले मधपाळ मी पाहिले आहेत. नवे मलम आधी कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस थोडेसे लावून पाहणे, हा साधा उपाय दोघांनाही लागू. उलट सूचीत कधीच न दिसणारा घटक सर्वांत घातक असू शकतो. गोरेपणाच्या बेनामी क्रीममधील पारा हा त्यांपैकी एक. नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा वापरता येत नाही. तरीही केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात अशा क्रीमशी जोडलेले मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आढळले. आणि शेतकरी कुटुंबांसाठी एक कळकळीची सूचना: उवांसाठी किंवा खरजेसाठी शेतातील कीटकनाशक त्वचेला कदापि लावू नये. औषधाच्या दुकानातील पर्मेथ्रिन त्याच कुळातील असले, तरी त्याचे प्रमाण एक किंवा पाच टक्के असते आणि त्याचा द्रावक त्वचेसाठी निवडलेला असतो. फवारणीच्या बाटलीतील द्रावक विष त्वचेतून आत नेतो. अशा प्रकारांत मुले दगावतात.

लाख

लाखेचा किडा, केरिया लॅक्का, हाही खवले कीडच. कोचिनीलचा दूरचा नातलग. अंड्यातून निघालेले लालसर पिलू कोवळ्या फांदीवर जागा निवडते, सोंड रुतवते आणि मादी असेल तर पायही गमावून जन्मभर तेथेच राहते. स्वतःभोवती ती जी राळ स्रवते, तीच लाख. प्राणिज उगमाची व्यापारी महत्त्वाची राळ ही एकच. नखपॉलिश, पापण्यांचा मस्कारा आणि केस बसवण्याचे फवारे यांत ती पातळ, चकचकीत पापुद्रा देते. बालगंधर्वांच्या तबकड्या याच लाखेच्या होत्या. राळेपासून मिळणाऱ्या अल्यूरिटिक आम्लातून कस्तुरीसदृश सुगंधी द्रव्ये तयार होतात, म्हणजे अत्तराच्या कुपीतही पळसावरचा किडा अप्रत्यक्षपणे हजर असतो.

महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा व गडचिरोली हे लाखेचे जिल्हे. त्याच पट्ट्यात टसर रेशीमही होते, आणि कोशातील सेरिसिन हा डिंकासारखा प्रथिनांश त्वचेच्या क्रीममध्ये वापरला जातो. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पळसावरील रंगीनी लाखेची दोन पिके निघतात, कतकी व बैसाखी. कुसुमावरील कुसुमीची अगहनी व जेठवी. विदर्भाच्या उन्हाळ्यात बैसाखीचे किडे मोठ्या प्रमाणावर मरतात, आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर फांद्यांना बांधायला बीजलाखच मिळत नाही. भाव चढा असला, की पिले बाहेर पडण्यापूर्वीच फांद्या तोडून ‘अरी’ लाख विकण्याचा मोह होतो. त्यात किडे जिवंतपणीच खरवडले जातात, राळ कमी प्रतीची निघते आणि पुढच्या हंगामाचे बियाणे बुडते. पिले निघून गेल्यावर उरलेली ‘फुंकी’ लाख खरवडली, तर शाकाहारी ग्राहकाची शंका आणि शेतकऱ्याची बियाण्याची चिंता, दोन्ही एकदमच निम्म्या होतात. युब्लेमा व स्यूडोहायपाटोपा या दोन पतंगांच्या अळ्या लाखेच्या थरात शिरून किडे खातात. बीजलाख फांदीवर बांधताना तिच्याभोवती बारीक जाळीची पिशवी ठेवल्यास लाखेची पिले जाळीतून निसटतात आणि हे पतंग आतच अडकतात. पिले बाहेर पडून झाली, साधारण तीन आठवड्यांत, की त्या काड्या झाडावरून उतरवून घ्याव्यात.

काडीवरील लाख कुटून धुतली, की पाणी गडद लाल होते. हाच लाक्षारस, पूर्वीचा अळता. कृत्रिम रंग येण्यापूर्वी हा रंगच मुख्य माल होता आणि राळ दुय्यम. आज नेमके उलट आहे. बाजारातील अळता आता बहुतांशी कृत्रिम रंगाचा असतो आणि लाख धुतल्याचे लाल पाणी अनेक ठिकाणी गटारात जाते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये स्थापन झालेली लाख संशोधन संस्था २०२२ पासून राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने ओळखली जाते. धुतलेल्या पाण्यातून रंग वेगळा काढणे, राळेचे रंगहरण आणि अल्यूरिटिक आम्लाची निर्मिती ही तेथील कामाची जुनी क्षेत्रे आहेत. गोंदियाचा शेतकरी अजूनही बहुधा काडीवरची लाखच विकतो. धुणे, चाळणे आणि वाळवणे एवढे तरी गावात झाले, तर दाणेदार लाख आणि लाल पाणी, दोन्ही गावातच राहतील.